मांगरातल्या पोरांचा देव

साकव ओलांडून झाला, चढण संपून सडा, म्हणजे वरचं कातळाचं माळरान, लागला, तरी नर्मदाअक्कांची पिशवी भरायची काही थांबेना. कट्टा गावाला एस.टी.तून उतरल्यापासून विमला त्यांच्या मागून चालत होती आणि अक्का घडीघडी वाकत होत्या. उंडलाची वाळकी फळं, मुरुडशेंगा, कुणाच्या तरी बैलगाडीची निसटून पडलेली लाकडी खुंटी. पोफळीच्या झाडाखाली पानाचं सुकलेलं रुंद देठ, म्हणजे विरी, पडलेली दिसली, ती पिशवीत मावेना म्हणून काखेत गेली.

"अक्का, या सगळ्याचं करायचं काय?" विमलाने शेवटी विचारलं.

"माका काय ठाऊक? पोरां करतली कायतरी."

विमला बावीस वर्षांची, जामसंड्याची. शिक्षिकेचं शिक्षण पुरं करून देवगडच्या शाळेत नोकरी लागेल म्हणून घरात वाट बघत बसली होती. तिथे जागा निघाली नाही. मालवण तालुक्यातल्या एका गावच्या बालवाडीत दुसरी बाई म्हणून जा, असं कचेरीतून सांगणं आलं. साल अठ्ठावन्न, पौष महिना. ट्रंक दुसऱ्या दिवशीच्या गाडीने यायची होती. हातात वळकटी, आणि वळकटीत आईने दिलेली गणपतीची तसबीर. बालवाडी चालवणाऱ्या नर्मदाअक्का स्वतः तिला न्यायला कट्ट्यापर्यंत आल्या होत्या.

"बालवाडीचं वेळापत्रक कसं असतं?" तिने पुन्हा विचारलं.

"सकाळी पोरां येतत. दुपारी जातत."

"आणि मधे?"

"मधे काय होता ता बघूकच मी थंय बसतंय." अक्का थांबल्या, विरी दुसऱ्या काखेत घेतली. "आता तू पण बस. दोन डोळे वाढले."

विमलाने वळकटी या हातातून त्या हातात घेतली. ही बाई आपली थट्टा करते आहे की खरंच असं आहे, हे तिला कळेना. पन्नाशीला टेकलेली ठेंगणी बाई, चपला हातात घेऊन अनवाणी चालणारी, कारण सड्यावर चपला झिजतात म्हणे. पाय झिजत नाहीत का, असं विचारायचं विमलाच्या ओठावर आलं होतं. पण पहिलाच दिवस.

रस्ता लांब होता, तसं अक्कांचं बोलणं हळूहळू सुटत गेलं. त्यांच्या माहेरचा पडाव होता, नारळ आणि कौलं घेऊन मुंबईला जायचा. बापाने हौसेने सातवीपर्यंत शिकवलं. लग्न झालं ते जयरामशी, कट्ट्याला दुकान आहे त्यांचं. मघाशी स्टॅंडवर चहा पाजून विमलाच्या वळकटीला स्वतःच्या हाताने दोरी बांधून देणारे ते हेच.

"घो माजो कट्ट्याक, मी हय. आठवड्यान एकदा भेटतंव. भांडूक येळच गावणा नाय," अक्का म्हणाल्या.

लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. तेव्हा त्यांच्या छडीला पोरं टरकून असायची. पुढे सरकारने बालवाड्या काढायच्या ठरवल्या तेव्हा त्यांना काही महिन्यांच्या शिक्षणाला पाठवलं. तिथून त्या एक पेटी घेऊन आल्या. रंगवलेले ठोकळे, मणी, भोकं पाडलेल्या फळ्या. भाई गावकरांनी आपल्या बागेतला मांगर बालवाडीला दिला. मांगर म्हणजे बागेत अवजारं, काथ्या, सुके नारळ ठेवायचं घर. तिथे एका पोरापुढे एक पाट आणि एका पाटावर एक खेळ, असं अक्कांनी सुरू केलं. कुणी शेजारच्या पाटावर हात टाकला की डोळे वटारायचे. छडी सोडली होती, डोळे सुटले नव्हते.

एका पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर आत वाळवीने माती करून ठेवलेली. नवीन पेटी मागितली, ती आली नाही.

"मग?" विमलाने विचारलं.

"मगे एक दिवस माजी तर चुकली."

तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. अक्का खाडीपलीकडे माहेरी गेल्या होत्या. सकाळी परत यायला निघाल्या तर तरीवाला लग्नाला गेलेला. दुसरी होडी मिळेपर्यंत ऊन वर आलं. पोरं कंटाळून घरी गेली असतील, आयांनी नावं ठेवली असतील, असं मनाशी म्हणत त्या धावत बागेपाशी आल्या. आतून आवाज येत होता. रडण्याचा नव्हता. त्या कुंपणाआड उभ्या राहिल्या.

पोरांनी माडाच्या आळ्यापासून मांगराच्या दारापर्यंत चर खणला होता. विहिरीवरच्या दोणीतलं पाणी करवंट्यांनी आणून त्यात सोडत होती. मोठी मुलं लहानांचे हात धरून चर ओलांडवत होती. कुणीतरी झावळाचा पूल घातला होता, तो मोडला, मग दुसरा घातला. आणि वर्षभर मांगरात तोंडातून शब्द न काढलेलं एक पोर मध्ये उभं राहून सगळ्यांना सांगत होतं, हय खणा, थंय नको.

"आत जावचा धाडसच होयना माका," अक्का म्हणाल्या. "मी आत गेलंय की ता सगळा थांबतला, ह्या माका कळला. दुपार होयसर मी कुंपणाआड उबी."

सडा संपून माडांची वाडी दिसू लागली तेव्हा विमलाच्या लक्षात आलं की आपण पाय दुखतात हे विसरलो होतो.

मांगरात वीसेक पोरं येत. पहिल्या आठवड्यात विमलाला वाटलं, हा नुसता गोंधळ आहे. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, गोंधळ आहे पण याला काहीतरी आतलं शेपूट-डोकं आहे. सड्यावरून आणलेल्या विरीवर एक पोर बसे आणि दोघं ओढत. धूळ उडे, बसलेलं पोर किंचाळे, आणि मग भांडण. सगळ्यांनाच बसायचं, ओढायचं कुणालाच नको. बाबली म्हणे माझी पाळी, शेवंती म्हणे माझी. महादू लहान, तो कुणाला तरी चावून मोकळा होई.

"मी ओळ लावते," विमला उठली. "एकामागून एक."

"रव वायच," अक्का म्हणाल्या.

"अहो, चावतोय तो."

"चावणाऱ्याक बाजूक घे. पण पाळी लावू नको. तू पाळी लावलंस तर ती पाळी तुजी झाली. उद्या तू नसलंस की परत चावतलो."

विमला महादूला कडेवर घेऊन बसली. मनात म्हणाली, बघू किती दिवस चालतं.

त्याच सुमारास गावची जत्रा झाली. जत्रेनंतर पोरं घरात जत्राच खेळतात, तशी इथेही सुरू झाली. महादूने व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, एक गुळगुळीत काळा दगड ढकलत आणला. शेवंतीने त्याला न्हाऊ घातलं. मांगराच्या अंगणात रातांब्याच्या झाडाखाली तो उभा राहिला. आणि बाबलीने, पाच वर्षांच्या पोराने, हात जोडून, डोळे मिटून, गावच्या देवळात म्हातारे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा."

"होय म्हाराजा," बाकीची पोरं एका सुरात.

"आज ही पोरां तुज्या पायाकडे जमलेली आसत."

"होय म्हाराजा."

"शेवंती म्हणता माजी पाळी, महादू म्हणता माजी पाळी."

"होय म्हाराजा."

"तर काय खरा आसात ता दाखव, आणि जो कोण रडता आसात तेका गप कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

मग अबोलीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून दगडाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. देवळात कौल लावतात तो अगदी असाच. उजवी आधी गळली तर शेवंती, डावी गळली तर महादू. सगळी पोरं दगडाभोवती उकिडवी बसून पाकळ्यांकडे टक लावून राहिली. इतकी शांतता मांगरात विमलाने आजवर ऐकली नव्हती. डावी पाकळी गळली. शेवंती उठली आणि काही न बोलता विरी ओढायला जाऊन उभी राहिली.

विमलाने अक्कांकडे बघितलं. अक्का सुपातले तांदूळ निवडायच्या थांबल्या होत्या.

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"मी? माका सुचला आसता तर तीन वर्सां भांडणां सोडवीत बसले नसतंय."

त्यानंतर भांडणं उरली नाहीत असं नाही, पण ती देवाकडे जाऊ लागली. कौल लागायला वेळ लागला तर पोरं वाट बघत, आणि वाट बघताना भांडण विसरत. शेवंतीने शोध लावला की पाकळी जास्त ओली असली तर उशिरा गळते. मग सगळी मिळून ठरवू लागली, दोन्ही सारख्याच ओल्या करायच्या, आणि बुडवायचं काम ज्याची पाळी नाही त्याने करायचं. हे नियम कुणी शिकवले नाहीत. विमला घरी, म्हणजे अक्कांच्या पडवीत, आल्यावर रोज तेच बोलत असे. आज त्यांनी काय केलं माहीत आहे का, असं सुरू होई, आणि अक्का हसून म्हणत, मी थंयच होतंय गो.

मग राधाबाईंची गाय हरवली.

राधाबाई म्हणजे बाबलीची आजी. गाय सड्यावर चरायला गेली ती परत आली नव्हती. नातवाला न्यायला त्या मांगरात आल्या तेव्हा कौल चालला होता. दमलेल्या होत्या, थोड्या थट्टेने आणि थोड्या काळजीने म्हणाल्या, "इचार रे मेल्या तुज्या देवाक, माजी गाय गावतली काय."

बाबलीने पाकळ्या लावल्या. उजवी गळली, म्हणजे होय. संध्याकाळी गाय आपण होऊन दारात उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमला मांगर उघडायला आली तर दगडाला कुंकू लागलेलं, वर जास्वंद. आठवडा झाला नाही तोवर सकाळ-संध्याकाळ बायका येऊ लागल्या. कुणाचा मुलगा मुंबईहून पत्र पाठवत नव्हता, कुणाच्या सुनेला दिवस राहत नव्हते. कुणी समई ठेवली. आणि पोरांना सांगितलं, देवाक हात लावू नको, पाय लागात, परता हो.

पोरं परती झाली. पाळीची भांडणं परत आली आणि महादू परत चावू लागला. शेवंती झाडापासून दूर उभी राहून दगडाकडे बघत विमलाला म्हणाली, "बाई, आमचो देव मोठ्या माणसांनी नेलो." दगड होता तिथेच होता.

मग भाई गावकरांचा निरोप आला. भाई गावचे मानकरी, देवळातला पहिला मान त्यांच्या घराण्याचा. मांगरही त्यांचाच. अक्का आणि विमला त्यांच्या लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, जाऊन बसल्या. भाई माणूस सरळ. त्यांनी पान पुढे केलं, मग म्हणाले, "अक्का, मांगर तुका दिलो तो पोरांसाठीच. पण आता थंय देवाचो जागो झालो. देवाच्या दारात पोरां मुततली, नाकां पुसतली, ता बरा दिसता?"

"आणि पोरांनी जावचा खंय?"

"बघूया. पावसाच्या आधी बघूया कायतरी."

गावात दुसरी जागा नव्हती. देवळाच्या ओवऱ्या धान्याने भरलेल्या, शाळेत दोनच खोल्या. भाईंचं 'बघूया' म्हणजे बालवाडी मिटली, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. भाईंनाही. "सोमवारी देवळात बसतंव. देवाक घुमटी बांदूची काय, ता इचारूचा लागतला," ते म्हणाले.

वाटेत विमला म्हणाली, "सांगून का टाकत नाही? व्हाळातला दगड आहे. महादूने आणलाय. आपण डोळ्यांनी बघितलंय."

"गावातलो खंयचो देव आदी दगड नाय होतो?" अक्का म्हणाल्या. "कोणी गुराख्यान बघितलो, कोणाच्या नांगराक लागलो. ह्यो पोरांक गावलो. ह्येच्यात देव नाय, ह्या सांगूचा धाडस माका नाय. तुका आसा?"

विमलाने आपल्या पायांकडे बघितलं. त्याच सकाळी अंगण झाडताना झाडाजवळ आल्यावर तिच्या चपला आपोआप पायातून निघाल्या होत्या.

अक्का थोडं चालून गेल्या आणि एकदम वळल्या, परत भाईंच्या दारात. विमला धावत मागे.

"भाईनू, एक इचारू? गाऱ्हाणा कोणी घालूचा?"

"ज्येना देव बसयलो तेना. ह्यो काय प्रश्न झालो?"

"मगे पोरांक बोलवा. देव त्येंनी बसयलो."

भाई पानाचा देठ खुडत राहिले. आतून त्यांच्या आईचा, काशीबाईंचा, आवाज आला, "खरा सांगता ती. बसयलो एकान आणि इचारलो दुसऱ्यान, असा आपल्या गावात झालेला नाय."

बोलून झालं आणि घरी येईपर्यंत अक्कांचा चेहरा उतरला. रविवारी पोरं नसताना त्या उगाच मांगर सारवत बसल्या, सारवलेलंच पुन्हा. पोरं भर देवळात काय बोलतील याचा नेम नव्हता. एखादं म्हणेल, दगडच तो, फेकून देऊ. मग बायका म्हणतील देवाचा अपमान झाला. एखादं म्हणेल, देऊळ बांधा. मग झालंच.

बाबली त्या दुपारी आजीबरोबर फुलं ठेवायला आला होता आणि अंगणात करवंटीत माती भरत बसला होता. विमला त्याच्याजवळ जाऊन बसली. "बाबली, उद्या भाई विचारतील ना, तेव्हा तू सांगायचं की..."

"विमला," अक्कांनी दारातून हाक मारली. "हो हंडो उचलूक हात लाव."

हंडा रिकामा होता. आत गेल्यावर अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तेका शिकय नको."

"अक्का, जागा जाईल."

"जायत."

"तीन वर्षांचं काम तुमचं."

"तीन वर्सां मी सगळ्यांका काय सांगत इलंय? पोरांका सोडा, ती आपली आपण वाट काढतत. आयांका सांगलंय, कचेरीत सांगलंय, तुका सड्यार सांगलंय. आणि आता माज्यार इला तशी मी तेका पाठ करून पाठवू?" त्यांनी हंडा होता तिथेच ठेवला. "ता जर माकाच खरा वाटणा नसात, तर हो मांगर व्हयो कित्याक?"

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "भिती वाटता गो. ती आसाच."

विमलाने त्या संध्याकाळी तसबिरीपुढे दिवा लावताना काही मागायचं ठरवलं होतं. पण काय मागावं तेच तिला सुचेना. पोरांच्या तोंडी अमुक शब्द घाल, हे मागणं म्हणजे बाबलीला शिकवण्यासारखंच झालं. ती नुसती हात जोडून उभी राहिली.

सोमवारी देवळात मानकरी, गुरव, आणि मागे बायका. पोरं एकमेकांचे हात धरून आली. आल्या आल्या जरा दबली, मग खांबांमागे लपाछपी सुरू झाली. गुरवांनी हटकलं, तशी येऊन बसली.

भाईंनी घसा साफ केला. "बाबली, देव तू बसयलंस?"

"मी एकट्यान नाय. महादून ढकलीत हाडलो. शेवंतीन न्हाणलो. गाऱ्हाणा मी घातलंय. होय म्हाराजा सगळ्यांनी म्हटला."

मानकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणजे यजमान वीस.

"बरा. नाव काय देवाचा?"

"नाव नाय ठेवलेला," महादू म्हणाला.

"बारसा खंय झाला अजून," शेवंतीने समजावलं. मागे बायकांत कुणीतरी पदर तोंडाला लावला.

भाई हसले नाहीत. ते खरोखरच विचारत होते, आणि विमलाला त्या क्षणी तो माणूस आवडला. "आता नीट ऐका. ह्या देवाक देऊळ बांदूचा काय? तुमी बसयलास, तुमीच सांगा."

पोरं उठली. मोठ्यांना वाटलं, पळाली. पण ती खांबामागे जाऊन उकिडवी बसली, डोकी एकत्र. विमलाला ते बसणं ओळखीचं होतं, कौलाच्या वेळचं. कुजबुज चालली. महादू मध्येच मोठ्याने काहीतरी म्हणाला, त्याच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवला. गुरव अस्वस्थ होऊन उठायला लागले, भाईंनी हाताने थांबवलं. अक्का जमिनीकडे बघत होत्या. त्यांच्या मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकले होते.

पोरं परत आली. शेवंती पुढे होती.

"देऊळ बांदल्यार आमी बसतलों खंय?"

"तुमका दुसरी जागा देतलंव," भाई म्हणाले.

"मगे तेका कोण?"

"तेका माणसां येतली गो. पुजा करतली."

शेवंतीला हे पटलं नाही. तिने बाबलीकडे बघितलं. बाबली म्हणाला, "तो पाळी देता. मोठी माणसां पाळी मागणत नाय. ती गाय मागतत."

आता मात्र बायकांत हसू फुटलं. राधाबाई सगळ्यांत जास्त हसल्या आणि म्हणाल्या, "मेलो माजोच उद्धार करता."

भाईंनी हसू थांबू दिलं. मग पुढे वाकून, अगदी मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "म्हणजे तुमच्या देवाक व्हया तरी काय?"

बाबलीने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. इतकी सोपी गोष्ट यांना कशी कळत नाही, असं त्याच्या तोंडावर होतं.

"आमी," तो म्हणाला.

मग गुरव म्हणाले, "भाईनू, मागणा झाला."

देवाने काय हवं ते मागितलं की गाव ते देतं, नाकारत नाही. कोंबडा मागो, नारळ मागो, वर्षाची पालखी मागो. या देवाने पोरं मागितली होती, आणि ती ज्यांनी त्याला बसवला त्यांच्याच तोंडून. भाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मगे झाला. मांगरात पोरां रवतली. बायकांनी दुपारनंतर जावचा, सकाळी न्हय. वर्साक एक नारळ आमच्या घरातसून."

"कौल?" एका मानकऱ्याने विचारलं.

"मागणा झाल्यार कौल कित्याक?"

पोरं तोवर पुन्हा खांबांमागे गेली होती.

घरी येताना अक्का वाटेत एका बांधावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "महादू मदी काय ओरडलो ता तुका ऐकू इला?"

"नाही."

"तो म्हणालो, देव आज घरी गेलो." त्या हसू लागल्या, हसताना डोळ्यांत पाणी. "तेच्या तोंडार हात ठेवणारा कोण ता माका अजून कळला नाय."

दुसऱ्या दिवशी पोरांनी आधी दगडाचं कुंकू धुऊन काढलं. सकाळी कौल लागला, विरी ओढली गेली. उन्हं चढल्यावर कुणीतरी झाडाची पानं आणून दगडापुढे मांडली आणि देव मासेवाला झाला. बांगडे, सुरमई, पेडवे, काय हवं ते. राधाबाई कुंपणाबाहेरून जात होत्या. थांबून बघितलं. विमला उठून उभी राहिली.

"आज देव मासे इकता," राधाबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि कळशी सावरून पुढे गेल्या.

उन्हाळा तसाच गेला. मेच्या अखेरीला अक्का आणि विमला मांगराची जमीन सारवत होत्या. बाबली आणि शेवंती आता पहिलीत जाणार, शाळेत. त्यांच्याबरोबर आणखी सात-आठ. जूनमध्ये नवी पोरं येणार होती, रडणारी, आईचा पदर न सोडणारी.

"नव्या पोरांना त्या देवाची गोष्ट मी सांगू का?" विमलाने विचारलं. तिने ती मनात बांधून ठेवली होती, व्हाळापासून कौलापर्यंत.

अक्कांचा शेणाचा हात थांबला. "नको."

"का?"

"ती काय करतत ता बघूचा नाय तुका?"

विमला थबकली. खरं म्हणजे तिला बघायचंच होतं.

"घरची सांगतली, त्येंची तोंडां काय आपण धरूक शकणंव नाय," अक्का म्हणाल्या. "पण आपल्याकडसून नको. त्येंका तो नुसतो दगड दिसांदे, नायतर चूल दिसांदे, होडयेचो नांगर दिसांदे. देव आसलो तर आपली ओळख आपण करून घेयत." त्यांनी पुन्हा सारवायला घेतलं, कोपऱ्यापर्यंत गेल्या, आणि तिथूनच, पाठमोऱ्या, जरा ओशाळल्या आवाजात म्हणाल्या, "माजीच अडचण आसा गो. सकाळी आत येताना माजे हात जोडले जातत. मी काय करू, ते जोडलेच जातत. आणि पोरां बाईचा बघून करतत. तर तू असा कर. तू माज्या आदी येत जा. आणि मी झाडाकडे थांबलंय असा दिसला, की माका आतसून हाक मार. हंडो उचलूक, सूप धरूक, कायय. पण मार."